पिशवी काढण्याचा हिशेब

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जातात, ही बातमी 2019 मध्ये देशभर गाजली. पाळीच्या दिवसांत कामाचा खाडा होतो म्हणून मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी आणणारे ठेकेदार, बायकांना पिशवी काढायला लावतात, असा त्या बातम्यांचा साधारण सूर होता. तो सपशेल खोटा नाही. पण या विषयावर भारतात आणि बाहेर गेल्या काही वर्षांत जे संशोधन झालं ते वाचत गेलं की बोट दाखवायला एकच माणूस सापडत नाही. मुकादम, डॉक्टर, नवरा, सासू, कारखाना, सरकारी दवाखाना आणि ती बाई स्वतः, सगळे आपापल्या जागी हिशेबानंच वागत असतात. त्या सगळ्या हिशेबांची वजाबाकी मात्र एकाच शरीरातून होते. ती कशी होते, ते पाहू.

आधी आकडे. गदारोळ झाल्यावर राज्य सरकारनं विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात जवळपास सतरा. बीडमधल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनं त्याच वर्षी विधिमंडळात सांगितलं होतं.

या सतरा टक्क्यांशेजारी बहुतेक जण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा ठेवतात. 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी साधारण 3 टक्के स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं आहे, असं ते सर्वेक्षण सांगतं. ‘पाचपट!’ असं लिहून मोकळं होता येतं, पण ही तुलना जरा लंगडी आहे. त्या 3 टक्क्यांचा हिशेब काढताना पंधरा-सोळा वर्षांच्या, शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलीही धरल्या आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बहुतेक बायका लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या. म्हणून आणखी एक आकडा बघावा लागतो. ‘लासी’ या नावानं ओळखली जाणारी वृद्धत्वाविषयीची राष्ट्रीय पाहणी 2017-18 मध्ये झाली. तीत पंचेचाळीस आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण 11 टक्क्यांच्या आसपास आलं. त्यात सत्तरी-ऐंशीच्या आज्याही आल्या. म्हणजे डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बीडच्या बायका या बाबतीत देशातल्या आज्यांच्याही पुढे गेल्या आहेत. तुलना कितीही सावधपणे केली तरी आकडा काही साधारण होत नाही.

आणि हा फक्त बीडचा प्रश्न आहे असं समजू नये. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात 15 ते 49 वयाच्या सगळ्या स्त्रिया धरूनही प्रमाण 8-9 टक्क्यांवर जातं. देशभरात हे ऑपरेशन होतं ते साधारण चौतिसाव्या वर्षाच्या आगेमागे, आणि दर तीनांतली दोन ऑपरेशनं खासगी रुग्णालयांत. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांमध्ये ते शिकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं.

कोयता आणि खाडा

ऊसतोडीत मजुरीचा हिशेब माणसावर होत नाही, कोयत्यावर होतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा उभा करत नाही. पावसाळ्यातच मुकादम जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती लाखाच्या आसपास, कधी त्याहून बरीच जास्त असते. लग्न, घराची पडवी, आजारपण, बियाणं, जुनं देणं, यात ती हंगामाआधीच संपते. मग दिवाळीच्या सुमाराला टोळी ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडे नाहीतर सीमा ओलांडून कर्नाटकात जाते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, टनामागे ठरलेल्या दरानं ऊस तोडून उचल फेडते. 2024 च्या जानेवारीत या दरात 34 टक्के वाढ झाली. दर वाढला ही चांगलीच गोष्ट, पण कोयत्याची पद्धत होती तशीच राहिली. उचल घेतो नवरा आणि ती फेडायला राबतात दोघं. बाईच्या नावावर ना करार, ना मजुरी, ना कागद.

दिवस कसा जातो तेही जवळून बघायला हवं, कारण दुखणी तिथूनच येतात. पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापायच्या, पोरांना कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, कुणाच्या तरी भरवशावर टाकायचं नाहीतर बरोबर घ्यायचं, आणि उजाडायच्या आत उसाच्या फडात उतरायचं. नवरा वाकून बुडापासून ऊस छाटतो. बाई तो गोळा करते, वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्यानं, मोळ्या बांधते. मग गाडी भरणं. ट्रकला तिरकी फळी लावलेली असते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, पुन्हा चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. त्यानंतर कोपीवर येऊन पाणी, जळण, स्वयंपाक. संडास नाही, आडोसा नाही, न्हाणी नाही. पाळी आली तर फडाच्या कडेला कापड बदलायचं, आणि ते धुणार कुठं, वाळवणार कुठं? महिला किसान अधिकार मंचानं मराठवाड्यातल्या हजारावर ऊसतोड बायकांशी बोलून केलेल्या पाहणीत बहुतेक जणी कापडच वापरतात असं दिसलं. पुरेसं पाणी आणि ऊन मिळालं तर कापडात वावगं काही नाही. फडावर दोन्ही मिळत नाही. पाणी दूरून आणायचं, आणि कापड उन्हात उघडं टाकायला लाज.

यातच खाड्याचा नियम येतो. जोडीतलं एक जण कामावर आलं नाही तर दिवसाला पाचशे-हजार रुपये कापले जातात. आणि अर्धा कोयता चालत नसल्यानं एक बसलं की दुसऱ्याचंही काम बसतं. बाईची कंबर धरली तर नवऱ्याची मजुरी बुडते, शिवाय दंड. मुकादमानं ‘पिशवी काढून ये’ असं तोंडानं म्हणायची गरजच उरत नाही. दर महिन्याला दोन-तीन दिवस रक्तस्रावानं गळून बसणाऱ्या बाईला हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. पाच महिन्यांचे दहा-पंधरा खाडे तिला तोंडपाठ असतात.

‘सक्ती की संमती’ असा वाद बातम्यांमध्ये घातला जातो. मला तो वाद फारसा उपयोगाचा वाटत नाही. संमतीपत्रावर अंगठा तिचाच असतो, पण तो उमटतो सगळ्यात शेवटी. त्याआधी उचल झालेली असते, दंड ठरलेला असतो, जवळचा सरकारी दवाखाना डॉक्टरविना असतो.

आजार कोणता, इलाज कोणता

या बायका दवाखान्यात जातात त्या तक्रारी ठरावीक. अंगावरून पांढरं जाणं, अंगावरून जास्त जाणं, ओटीपोटात आणि कंबरेत दुखणं. यांची कारणं वेगवेगळी आणि इलाजही वेगवेगळे.

अंगावरून पांढरं जाणं हे बऱ्याचदा जंतुसंसर्गामुळे होतं, आणि थोडं पांढरं जाणं तर निरोगी शरीरातही असतंच. संसर्ग असेल तर तपासणी आणि औषधं लागतात. काही प्रकारांत नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर तो पुन्हा होतो. गर्भाशय काढून टाकणं हा याचा इलाज नव्हे. कंबरदुखी तर बहुतेकदा मोळीतून आलेली असते. ती पिशवी काढल्यावरही तशीच राहते, आणि मग बाईला वाटतं की ऑपरेशन नीट झालं नाही.

अंगावरून जास्त जाणं हा मात्र खरा, थकवणारा आजार आहे. देशात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यात दर महिन्याला जास्तीचं रक्त जाऊ लागलं तर फळीवर चढताना डोळ्यांपुढे अंधारी येणारच. पण इथंही आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी. वय आणि लक्षणांनुसार गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणं. मग रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनयुक्त तांबी अशा पायऱ्या असतात. फिनलंडमध्ये या तांबीची ऑपरेशनशी थेट तुलना झाली. जास्त रक्तस्रावाच्या 236 स्त्रियांपैकी निम्म्या जणींना तांबी, निम्म्या जणींना शस्त्रक्रिया, असं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. पाच वर्षांनी पाहिलं तर तांबी बसवलेल्यांपैकी 42 टक्के जणींना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे तांबी हा काही जादूचा उपाय नाही. पण 58 टक्के जणींचं गर्भाशय वाचलं, जगण्याची गुणवत्ता दोन्ही गटांत सारखीच राहिली, आणि खर्च तांबीच्या गटात कमी आला.

गर्भाशय काढणं कधीच योग्य नसतं असं म्हणायचा इथं मुळीच हेतू नाही. कॅन्सर, कशानंच न थांबणारा रक्तस्राव, त्रास देणाऱ्या मोठ्या गाठी, खूप खाली आलेलं अंग, यात हे ऑपरेशन बाईचं आयुष्य सुधारतं, प्रसंगी वाचवतं. प्रश्न पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारण्याचा आहे.

ती उडी का पडते? समजा, तिशीतली एक बाई एप्रिलमध्ये गावी परतली. हातात पाच-सहा महिने आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचं तर दिवस मोडतो, आणि तिथं गोळ्या देऊन ‘तीन महिन्यांनी दाखवा’ म्हणतात. तीन महिन्यांनी ती दाखवेल कदाचित, पण सहा महिन्यांनी ती कर्नाटकात असेल. तालुक्याच्या खासगी रुग्णालयात मात्र त्याच दिवशी सोनोग्राफी होते, कागद हातात पडतो, आणि सांगितलं जातं: पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर व्हायचा धोका आहे, तुमचं कुटुंबनियोजन झालेलंच आहे, काढून टाका म्हणजे कटकट मिटली. ‘कॅन्सर’ या शब्दापुढे घरातलं कुणी बोलत नाही.

गंमत म्हणजे ज्या कॅन्सरची भीती घातली जाते त्याची साधी तपासणी जवळपास कुणाचीच झालेली नसते. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया फक्त 1.9 टक्के होत्या. ही तपासणी काही मिनिटांची असते. पण तिच्यात कुणाला पैसे मिळत नाहीत.

‘कुटुंबनियोजन झालेलंच आहे’ हे वाक्यही साधं नाही. बीडमध्ये विशी ते चोविशीतल्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं त्याच सर्वेक्षणात दिसलं. साऱ्या महाराष्ट्राचा आकडा त्याच्या निम्म्यावर आहे. याचाही ऊसतोडीशी संबंध आहे. पोरीला एकटीला गावी ठेवून जायची भीती, आणि लग्न केलं की नवा कोयता तयार. सतराव्या वर्षी लग्न, विशीत दोन-तीन बाळंतपणं, पंचविशीच्या आत नसबंदी. देशात नसबंदी केलेल्या स्त्रिया 37.9 टक्के आणि पुरुष 0.3 टक्के, त्यामुळे ती कुणाची होते हे वेगळं सांगायला नको. एकदा नसबंदी झाली की घरादाराच्या, डॉक्टरच्या आणि हळूहळू तिच्या स्वतःच्याही नजरेत गर्भाशय बिनकामाचं ठरतं. मूल जन्माला घालणं एवढंच त्याचं काम, ते झालं, आता ठेवायचं कशाला?

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, आणि पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं. स्त्री संघटनांनी तेव्हा रान उठवलं होतं. संस्था असो की फड, पाण्याची आणि माणसांची सोय करण्यापेक्षा अवयव काढणं व्यवस्थेला सोपं वाटलं.

काढल्यावर काय होतं

गर्भाशय मुलासाठीच असतं, ही समजूत वैद्यकीयदृष्ट्या कुठं चुकते ते आता बघू. या विषयातलं अलीकडचं सगळ्यात महत्त्वाचं संशोधन इथंच आहे.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बीजकोश असतात. स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः तिथं तयार होतं, आणि हाडं, रक्तवाहिन्या, झोप, योनीमार्गाची त्वचा या सगळ्यांवर त्याचा परिणाम असतो. काही ऑपरेशनांत गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढून टाकतात. तसं झालं तर बाईची पाळी पंचेचाळीस-पन्नासला हळूहळू जाण्याऐवजी बत्तिसाव्या वर्षी एका दुपारीत जाते. अंगातून वाफा, घाम, झोपमोड, चिडचिड लगेच सुरू होतं. हाडं ठिसूळ होणं सावकाश, कुणाला न कळता. अमेरिकेत परिचारिकांच्या आरोग्यावर चालू असलेल्या एका प्रदीर्घ अभ्यासात, साध्या आजारासाठी गर्भाशय काढलेल्या 29 हजारांहून अधिक स्त्रियांचा 24 वर्षं मागोवा घेतला गेला. बीजकोशही काढलेल्या स्त्रियांत स्तनाचा आणि बीजकोशाचा कॅन्सर कमी आढळला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू जास्त होते. कॅन्सरच्या भीतीनं जे काढलं, त्यानं आयुष्य वाढल्याचं कोणत्याही वयोगटात दिसलं नाही.

बीजकोश ठेवले म्हणजे सगळं ठीक, असं बराच काळ मानलं जात होतं. तेही पुरतं खरं नाही. बीजकोशांना रक्त दोन वाटांनी येतं. एक त्यांची स्वतःची रक्तवाहिनी, दुसरी गर्भाशयाकडून येणारी शाखा. गर्भाशय काढताना ही दुसरी वाट बंद होते. दोन झऱ्यांच्या विहिरीचा एक झरा बुजवावा तसं ते आहे. विहीर लगेच आटत नाही, पण उन्हाळा लवकर जाणवायला लागतो. यामुळेच असं होत असावं, हा संशोधकांचा एक अंदाज आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात गर्भाशय काढलेल्या, पण निदान एक बीजकोश राखलेल्या 406 स्त्रियांची तुलना ऑपरेशन न झालेल्या 465 स्त्रियांशी केली गेली. चार वर्षांत पहिल्या गटातल्या 14.8 टक्के जणींचे बीजकोश थंडावले, दुसऱ्या गटात 8 टक्के.

2018 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोही दोन्ही बीजकोश राखलेल्या स्त्रियांवरच होता, वीसहून अधिक वर्षांच्या नोंदींवर आधारलेला. वयाच्या पस्तिशीत किंवा त्याआधी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये हृदयाची ताकद कमी होण्याचा धोका 4.6 पट आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका 2.5 पट आढळला. असे अभ्यास नोंदींवरून केलेले असतात. त्या स्त्रियांना आधीपासूनच काही वेगळं होतं का, ही शंका पूर्ण मिटत नाही. पण वय जितकं कमी तितका धोका जास्त, ही गोष्ट वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसते. देशातलं ऑपरेशनचं मधलं वय चौतीस, हे इथं आठवावं.

हे सगळे अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत. तिथं बीजकोश काढलेल्या तरुण बाईला साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या द्याव्यात असा प्रघात आहे, ऑपरेशननंतर तिला विश्रांती मिळते. सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही, हा सल्ला आपल्याकडेही दिला जातो. पण ऑपरेशनचा खर्च, साधारण पंचवीस-तीस हजारांपासून पुढे, उचलीत मिळवलेला असेल, तर विश्रांतीचा प्रत्येक दिवस कर्जात पडतो. हंगाम तोंडावर आलेला असतो. टाके सुकले की मोळी डोक्यावर. ज्या ऑपरेशननं काम सुरळीत होणार होतं, त्यानंच अंगात कणकण, कंबरदुखी आणि वाढलेली उचल मागे ठेवलेली असते, आणि ती फेडायला पुढचा हंगामही बांधला जातो.

समजावून सांगितलं तर?

‘या बायकांमध्ये जनजागृती करायला हवी.’ प्रत्येक चर्चासत्रात हे वाक्य येतं. ते तपासून पाहिलं गेलंय, आणि निष्कर्ष सगळ्यांनी वाचावा असा आहे.

गुजरातमध्ये ‘सेवा’ ही असंघटित कामगार स्त्रियांची संघटना स्वतःची विमा योजना चालवते. विम्याचे दावे कशासाठी येतात हे पाहताना जुलाब आणि तापाच्या जोडीला गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन वरच्या क्रमांकावर दिसलं. मग संशोधक सपना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदाबाद शहर आणि ग्रामीण भागात प्रयोग मांडला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही भागांत संघटनेच्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी बायकांच्या बैठका घेऊन या तिन्ही गोष्टींची सविस्तर माहिती दिली. उरलेल्या भागांत नेहमीचं काम चालू ठेवलं. सांगणाऱ्या ओळखीच्या, भाषा ओळखीची, विश्वास होता. तरीही शेवटी विम्याच्या दाव्यांत किंवा ऑपरेशनांच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

याचा अर्थ माहिती देऊ नये असा नाही. पण बाई अडाणी आहे म्हणून ऑपरेशन करून घेते, या समजुतीला या प्रयोगानं चांगलाच धक्का दिला. ऑपरेशनला पर्याय आहे हे कळलं तरी तो पर्याय मिळणार कुठं? गावाजवळ स्त्रीरोगाची साधी बाह्यरुग्ण सेवा नाही, मजुरी बुडवून चार फेऱ्या मारणं परवडत नाही, दुखत असताना काम थांबवता येत नाही. माहिती मिळाली, बाकी सगळं होतं तसंच राहिलं. इतक्या नीट आखलेल्या प्रयोगाचा ‘फरक पडला नाही’ हा निष्कर्ष दडपून न ठेवता छापला, याबद्दल त्या संशोधकांचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे अपयशी योजनेचाही यशस्वी अहवाल निघतो.

विम्यानंही उलट खेळ केला. छत्तीसगड आणि बिहारमध्ये गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेत खासगी रुग्णालयांनी गरज नसताना गर्भाशयं काढल्याचं 2012 च्या सुमाराला उघड झालं. फुकट उपचार मिळावेत म्हणून दिलेलं कार्ड बाईच्या हातात, आणि त्यातली रक्कम रुग्णालयाच्या डोळ्यांपुढे. आंध्रात राज्याच्या आरोग्यश्री योजनेखाली खासगी रुग्णालयांत होणाऱ्या या ऑपरेशनांवर सरकारला नंतर निर्बंध आणावे लागले.

राजस्थान, छत्तीसगड आणि बिहारमधल्या अशा प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. दहा वर्षांनी, 5 एप्रिल 2023 रोजी निकाल लागला. केंद्रानं 2022 मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला. त्या तत्त्वांनुसार जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या हव्यात आणि चाळिशीच्या आतल्या ऑपरेशनांवर खास लक्ष हवं. बीडमध्ये त्याआधी, 2019 पासूनच, खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक केलं गेलं. या नियमांचा उपयोग आहे. फाइल तयार करावी लागते, कारण लिहावं लागतं, आणि नुसतं ‘पांढरं जातं’ असं लिहून चालत नाही, एवढ्यानंही काही हात आखडतात.

पण परवानगीचा नियम रुग्णालयाच्या दारात सुरू होतो. फडावरचा खाडा, कोपीजवळ नसलेला संडास, रात्री भरायची गाडी, नवऱ्याच्या नावावरची उचल, यांतलं काहीच त्याच्या कक्षेत येत नाही. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे; मुकादम म्हणतो मी फक्त टोळी आणतो. मालक नेमका कोण, हे ठरत नाही तोवर आजारपणाची पगारी रजा किंवा बाळंतपणाचा हक्क मागायचा कुणाकडे? 2024 च्या मार्चमध्ये न्यू यॉर्क टाइम्स या दैनिकानं आणि फुलर प्रोजेक्ट या वृत्तसंस्थेनं महाराष्ट्रातल्या साखरेचा माग काढत बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांपर्यंत हा प्रश्न नेला. त्यावर बरीच चर्चा झाली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, हंगामाआधी आणि हंगामानंतर आरोग्य तपासणी व्हावी अशी शिफारसही आहे. तपासणी मात्र बीडमध्ये होते आणि रक्तस्राव कोल्हापूरच्या फडात. तिथल्या आरोग्य केंद्राच्या यादीत ती बाईच नसते, कारण आशाताईंकडची यादी कायमचे रहिवासी कोण यावरून बनते.

माझ्या मते खाड्याचा दंड बंद होणं आणि बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होणं, या दोन गोष्टींनी जितकी गर्भाशयं वाचतील तितकी कोणत्याही समितीनं वाचणार नाहीत. पण त्या आरोग्य खात्याच्या हातात नाहीत, म्हणून आरोग्याच्या अहवालात त्या शेवटच्या पानावर जातात.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या ओळखीत, नात्यात कुणाला पिशवी काढायला सांगितलं असेल तर काही गोष्टी विचारून घ्यायला हरकत नाही. नेमकं निदान काय, ते कागदावर लिहून मागावं. ‘सूज’ हे निदान नव्हे. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयमुखाची किंवा अस्तराची तपासणी झाली का? गोळ्या किंवा तांबी वापरून पाहिली का, नसेल तर का नाही? खूप रक्तस्रावानं जीव धोक्यात असेल ती गोष्ट वेगळी. एरवी हे ऑपरेशन आठवडा-दोन आठवड्यांनी झालं तर सहसा बिघडत नाही, तेवढ्यात वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घेता येतं. बीजकोश ठेवणार की काढणार, हे आधी विचारावं, आणि काढणार असतील तर पुढं हार्मोनच्या गोळ्यांचं काय तेही. ऑपरेशन झालेलं असेल तर सुट्टी देतानाचा कागद जपून ठेवावा. आपले बीजकोश शाबूत आहेत की नाहीत हे कित्येक बायकांना माहीतच नसतं. पुढे चाळिशीत हाडं दुखायला लागली किंवा धाप लागायला लागली, की डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतो.